साडूंचं मशीन

कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलं की माणसं आधी पाणी मागतात, मग चहाला नको-नको म्हणतात. आमचे साडू बबनभाऊ आधी घरात काय बंद पडलंय ते विचारतात. काहीच बंद नसेल तर त्यांचा चेहरा पडतो. शर्टाच्या ज्या खिशात तुम्ही-आम्ही पेन ठेवतो, तिथं त्यांचा स्क्रू ड्रायव्हर असतो. एका लग्नात पंगत बसलेली, पानात जिलबी पडतेय, आणि हा गृहस्थ टेबलावर खुर्ची ठेवून, तिच्यावर चढून कार्यालयाचा पंखा सोडवत होता. नवरा-नवरी घास भरवायचं थांबून वर बघत बसले. फोटोवाल्यानंसुद्धा कॅमेरा तिकडंच वळवला.

"मेला न्हाई त्यो," वरून आवाज आला. "रुसलाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या मते जगातली कुठलीच वस्तू मरत नाही, रुसते. तिची समजूत काढायची असते. हातोडा त्यांना चालत नाही. "हातोडा म्हंजी भांडण, मास्तर. भांडून कोन बोलाय लागतंय व्हय?"

मास्तर म्हणजे मी. तळेगावच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. भाऊ मूळचे टाकव्याचे, रेल्वेत फिटर म्हणून लोणावळ्यात आले आणि तिथंच निवृत्त झाले. त्यांची कुसुमताई थोरली, माझी नलिनी धाकटी. ताईच्या नवऱ्याला नलिनी दाजी म्हणते. आमच्या घरी मात्र त्यांचं पूर्ण नाव 'दाजी असते तर' असं आहे. नळ गळला, दाजी असते तर. कुलूप अडकलं, दाजी असते तर. एकदा मी तिला माझी एक कविता वाचून दाखवत होतो, तेव्हा तिनं मध्येच वर बघितलं. पंखा कुरकुरत होता.

खोटं कशाला बोलू, मला बबनभाऊंचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही. जेवताना वाटायचा, झोपेतही वाटत असावा. त्यांच्याकडं काही जास्त होतं म्हणून नाही. त्यांच्या हाताला जे जमत होतं ते माझ्या जिभेला कधी जमलं नाही म्हणून. एकदा त्यांच्यावर मात करायची म्हणून मी घरातली इस्त्री खोलली. पुन्हा बंद केली तेव्हा तीन स्क्रू उरले. तरी पिन लावली. आमच्या जिन्यातल्या सहाही घरांची वीज गेली आणि सहाही घरांनी नलिनीला एकच प्रश्न विचारला, "तुमचे दाजी कधी येणार?"

आणि मग दोन वर्षांपूर्वी भाऊंनी ते मशीन आणलं.

चामडं शिवायचं मशीन. साधं नव्हे, कारखान्यात असतं तसलं, ओतीव लोखंडाचं. लोणावळ्याच्या बाजारातलं कुठलंसं जुनं दुकान रिकामं होत होतं, तिथून भंगारात जाता जाता त्यांनी ते उचललं. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. गंजून नुसतं तांबडं झालेलं, चाक जाम, खालचा दोरा नेणारं शटल गायब, आणि पोटात उंदरांचं घरटं. मी त्याच्याकडं बघितलं आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! ही वस्तू रुसलेली नव्हती. मेली होती. आता भाऊ आपटणार होते, आणि ते बघायला मी हजर राहणार होतो.

दर रविवारी मी स्कूटर काढून लोणावळ्याला जाऊ लागलो. सुट्टीला आलेल्यांच्या गाड्यांच्या रांगेत तास-तास तिष्ठत उभा राहिलो. नलिनीला वाटलं, माझा साडूंवर जीव जडला.

"पण हे करायचं कशासाठी, भाऊ?" मी विचारी.

"बघू की. शिवू कायतरी."

याहून जास्त ते बोलत नसत. सगळे भाग सोडवून त्यांनी डिझेलमध्ये बुडवले. कुसुमताईंची धुण्याची बादलीसुद्धा त्यात गेली. रोज सकाळी सांध्या-सांध्यात तेल सोडायचं, चाकावर तळहात ठेवायचा आणि नुसतं बसायचं. जोर लावायचा नाही. अकराव्या दिवशी पहाटे माझा फोन वाजला. कोण गेलं या भीतीनं मी उठून बसलो.

"मास्तर, हाललं!"

"कोण?"

"चाक! सुतभर हाललं बगा!"

शटल कुठंच मिळेना, म्हणून त्यांनी पोलादाचा तुकडा घेऊन ते कानशीनं घासून घडवलं. बोटाएवढी होडी, आरशासारखी गुळगुळीत. त्या वेळी बॅटरी धरायचं काम माझ्याकडं होतं. त्यांच्या बोटांकडं बघता बघता बॅटरी भलतीकडंच वळायची. "मास्तर, उजेड हलतोय," ते म्हणायचे. त्यांना वाटायचं, माझं वय झालं.

पावसाळा संपता संपता मशीन शिवू लागलं. मग आमच्या नातेवाइकांवर चामड्याचा वर्षाव झाला. पट्टे, पाकिटं, चष्म्याची घरं, किल्ल्यांचे कप्पे. सरळ शिवण झकास, पण वळण आलं की टाके भरकटायचे. नलिनीला एक पर्स मिळाली. वाढदिवसाला मी तिला पुण्याहून आणलेली पर्स कपाटात गेली आणि ही वाकड्या शिवणीची पर्स ती मिरवू लागली. भाचीच्या साखरपुड्यात सगळ्यांसमोर मी ती उचलून धरली.

"भाऊ, हा टाका आहे की वाट चुकलेली मुंगी?"

सगळे हसले. भाऊंनी पर्स हातात घेतली, शिवणीवरून अंगठा फिरवला. "व्हय," ते म्हणाले. "वळणावर चुकतीया अजून." आणि लवकर घरी निघाले. कुसुमताई आल्याच नव्हत्या. हल्ली त्या कुठंच येत नसत, मी रविवारी गेलो तरी आतल्या खोलीतच असत. गुडघे धरलेत, असं भाऊ सांगत.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो.

त्यानंतरच्या रविवारी भाऊ दोऱ्याचा ताण सांभाळणारी स्प्रिंग साफ करत होते. तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग. ती उडाली, टण्णकन फरशीवर पडली आणि घरंगळत माझ्या चपलेपाशी आली. भाऊ दुसऱ्या बाजूला शोधत होते. मी वाकलो, ती उचलली आणि 'ही घ्या' म्हणायच्या ऐवजी खिशात टाकली.

का? मला सांगता येत नाही. एकदा तरी त्यांचं काहीतरी अडावं, एवढंच वाटलं.

तीन आठवडे त्यांचं अडलं. ते गुडघ्यांवर बसून घरभर लोहचुंबक फिरवत होते. नातवंडांच्या बॉलपेनांच्या स्प्रिंगा काढून लावून बघितल्या. दोरा तुटायचा नाहीतर गुंतायचा. फोनवर त्यांचा आवाज बारीक येऊ लागला. स्प्रिंग माझ्या टेबलाच्या खणात होती. मला वाटलं होतं, आनंद होईल. झाला नाही.

चौथ्या रविवारी मी गेलो तर दार कुसुमताईंनी उघडलं. भाऊ स्प्रिंग शोधायला पुण्याला गेले होते. दार उघडायला ताईंना बराच वेळ लागला, कारण त्या भिंतीला धरून, एक पाय ओढत आल्या होत्या.

कुसुमताईंना लहानपणी पोलिओ झाला होता. डाव्या पायात लोखंडी पट्ट्यांचा, जाड टाचेचा बूट घालून त्या चालतात, हे मला लग्नापासून माहीत होतं. पण तो बूट येतो कुठून, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता.

आज त्यांच्या पायात बूट नव्हता. घोट्याला फडकं बांधलं होतं.

"बसा भाऊजी," त्या म्हणाल्या. "चहा करते, जरा वेळ लागेल."

मशीनशेजारच्या फळीवरचं नेहमीचं फडकं आज बाजूला होतं; तिथं प्लॅस्टरचा एक पाय होता. बारीक, आत वळलेला. त्याच्याजवळ एक जुना बूट शिवणी उसवून, पान न पान सुटं करून मांडला होता.

"हे काय, ताई?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मशीनकडं. "तुम्हाला म्हणून सांगते. बाजारात ते म्हातारे कारागीर होते ना, माझा बूट तेच शिवायचे. लग्नाच्या आधीपासून. ते गेले. त्यांचंच हे मशीन. दुसरीकडून दोनदा बूट करून आणला, पण पायाला फोड येतात. या वर्षात मी जिना उतरलेली नाही."

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांना काय झालंय? यांनीच तसं सांगायला लावलं. बुटाचं कुणाला बोलू नको म्हणाले. जमलं नाही तर लोकं मला विचारतील, आणि मला वाईट वाटेल, म्हणून." त्या हसल्या. "त्या पट्ट्या-पाकिटांवर वळणं गिरवतायत. घोट्यापाशी शिवण जरा जरी फुगली तरी टोचते ना."

चहा यायची वाट न बघता मी उठलो. मी तसाच स्कूटरवर बसलो, तळेगाव गाठलं, खण उघडला आणि परत फिरलो. तोवर भाऊ आले होते, रिकाम्या हातानं. मी तळहात पुढं केला.

"सापडली, भाऊ. तुमच्या दाराशी पडली होती."

भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवून स्प्रिंग बघितली, मग मला बघितलं.

"दाराशी मी तीनदा लोहचुंबक फिरवलाय, मास्तर."

बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत राहिलं होतं. तो थांबेपर्यंत मी वाट बघितली.

"मी नेली होती," मी म्हणालो.

त्यांनी स्प्रिंगवर फुंकर मारली, चिमटीत दाबून सोडली. "गंजली न्हाई, ब्येस झालं," एवढंच म्हणाले. मग बॅटरी माझ्या हातात दिली. "धरा. हलवू नगा."

बूट शिवायला पुढं दोन महिने लागले. पहिले दोन बूट त्यांनी स्वतःच फाडले. तिसऱ्याची शिवण घोट्यावरून अशी वळली होती की मी बोट फिरवून बघितलं तरी लागेना. मी तोंड भरून स्तुती करणार होतो, पण इतकं मराठी शिकवूनही मला शब्द सुचला नाही.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी दुपारी माझा फोन वाजला.

"मास्तर, कुसुम निगालीय तुमच्याकडं. येकलीच. रिक्षानं टेसनवर गेली, तितनं गाडी धरली. मला येऊ दिलं न्हाई. पोचली का?"

मी गॅलरीत आलो. खाली रिक्षातून कुसुमताई उतरत होत्या. हातात पिशवी, पायात तो बूट. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर.

"उतरल्या, भाऊ."

"चाल कशी हाय?"

"सरळ."

"सरळ म्हंजी? डावा पाय टेकतीया का नुसता घासतीया?"

"टेकतायत. पूर्ण."

मी दार उघडून जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो, फोन कानाला लावून. नलिनीला हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. कुसुमताईंनी कठड्याला हात लावला, पहिली पायरी चढल्या.

"पायरी चढतायत," मी हळूच सांगितलं. "दुसरी. तिसरी. थांबल्या."

"दुखलं का?" भाऊंचा आवाज एकदम चढला.

"नाही. पदर खोचला. चढतायत परत."

मी एकेक पायरी सांगत गेलो. वळणावर त्यांनी कठडा सोडला, तेही सांगितलं. पलीकडं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, फोनच पडला.

"भाऊ?"

"हाय. बगा तुमी, बगा," ते म्हणाले. "मला ती बगू देत न्हाई. मी बगाय लागलो की चालायची थांबतीया. तुमचं नशीब थोर, मास्तर."