एका रविवारी एक स्क्रू

गवत कापायचं यंत्र आणायला गेलेला ऑर्विल पेट्झ लिलावातून रायफल घेऊन परत आला. महायुद्धात रंगरुटांना नेम शिकवायला बनवलेली, पॉइंट बावीस बोअरची. म्हणजे निदान तिचा सांगाडा तरी. गोळ्या भरायचं मॅगझिन नव्हतं, बोल्टची स्प्रिंग नव्हती, पट्टा अडकवायची कडी नव्हती. आणि नेम धरायची मागची चकती, जिच्यावाचून रायफल म्हणजे नुसती काठी, तीही नव्हती.

"मग आहे काय हिच्यात?" नेल्डाने, म्हणजे त्याच्या बायकोने विचारलं.

"इतिहास."

"त्याने गवत कापलं जाईल का?"

ऑर्विल रायफल घेऊन ओट्याकडे वळला. जुलैत नेमबाजीच्या क्लबात जुन्या रायफलींची स्पर्धा असे आणि उभा जन्म तो तिथे दुसऱ्यांच्या रायफली मागून आणत आला होता. यंदा स्वतःच्या रायफलीने उतरायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्या उत्साहात त्याने रायफलीचा ग्रीस मुरलेला लाकडी दस्ता भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घातला. दस्ता झकास निघाला. कपबशांना मात्र पुढे कित्येक दिवस रणगाड्याचा वास येत होता.

सुट्या भागांसाठी त्याने ओहायोतलं एकही बंदुकांचं प्रदर्शन सोडलं नाही. "ती चकती?" दुकानदार हसत. "मिळाली तर आम्हालाही कळव बाबा!" शेवटी एका टेबलामागे क्लाईड हॅकेट भेटला. शेजारच्या तालुक्यातला, बायको जाऊन एकटा राहिलेला म्हातारा.

"आहे सगळं माझ्याकडे," क्लाईड म्हणाला. "पण अडगळीत आहे. शोधावं लागेल. रविवारी जेवायला काय करता तुम्ही?"

रविवारी क्लाईड आला. कोंबडी, कुस्करलेला बटाटा आणि चेरी भरून भाजलेला गोड ‘पाय’ चापून झाल्यावर त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालात एक स्क्रू होता.

"एकच?" ऑर्विलचा चेहरा पडला.

"बाकीचं सापडेल हळूहळू. नेल्डाबाई, चेरीचा पाय अजून आहे का हो?"

पुढच्या रविवारी कडी आली. मग स्प्रिंग. मॅगझिनच्या रविवारी तर क्लाईडने घरी न्यायला डबाही आणला होता.

"हा माणूस मला लुटतोय," ऑर्विल कुरकुरला.

"तुला कुठे? राबतेय मी," नेल्डा म्हणाली. "आणि निदान तो जेवण छान झालं म्हणतो तरी."

स्पर्धा तोंडावर आली तरी चकतीचा पत्ता नाही. ऑर्विल तडक क्लाईडच्या घरी जाऊन थडकला. अडगळ वगैरे काही नव्हतीच, घर आरशासारखं लख्ख. टेबलावर मात्र अगदी तशीच एक रायफल पडलेली. तिला कडी नव्हती, मॅगझिन नव्हतं. चकती तेवढी होती, आणि क्लाईड ती खोलायलाच बसला होता.

"अरे, स्वतःची चालती रायफल मोडलीस?"

"भिंतीवरच तर असायची," क्लाईड मान वर न करता म्हणाला. "ती काही जेवायला बस म्हणत नाही."

ऑर्विल त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. "रविवारी भाजलेलं डुकराचं मटण आहे," तो कसाबसा म्हणाला. "चकती राहू दे. नुसता ये."

"ने रे," क्लाईडने चकती त्याच्या हातात कोंबली.

स्पर्धेत ऑर्विल पालथा झोपला, श्वास रोखला आणि एकामागून एक गोळ्या झाडल्या. रायफल लोण्यासारखी चालली. सगळ्या गोळ्या मधल्या काळ्या ठिपक्यात, एकमेकींना खेटून. लोकांनी माना डोलावल्या. ऑर्विलच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग पंच आला आणि म्हणाला, "नेमबाजी अप्रतिम! फक्त हे लक्ष्य शेजारच्याचं आहे. तुमचं कोरं आहे. शून्य."

परतताना गाडी नेल्डा चालवत होती, स्पर्धा बघायला आलेला क्लाईडही सोबत होता. त्याने मागच्या सीटवरून समजूत घातली, "रायफल मात्र पूर्ण झाली हं, ऑर्विल."

"झाली ना," नेल्डा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "आता तिला चालवणाऱ्याचे सुटे भाग कुठे मिळतात ते बघा."