चाकांवर पाणी

डेअरीसमोरचा स्पीडब्रेकर ओलांडायचा म्हटला की अमरसिंहाला आधी गाडीतून खाली उतरावं लागे. सीटमागच्या दोन फळ्या काढून तो रस्त्यावर मांडी, गाडी तिरकी घेई, आणि तिचं पोट न घासता पलीकडे पोचला की परत उतरून फळ्या गोळा करी. तोवर किटल्या लावलेल्या मोटारसायकली त्याला वळसा घालून पुढे जात आणि प्रत्येक जण काहीतरी बोलून जाई. "सागवानी हैत न्हवं फळ्या?" असं विचारणारा तर रोजचाच होता.

गाडी लाल होती, दोन माणसांची होती आणि जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर होती. पशुखाद्याची एजन्सी जोरात चालायला लागल्यावर अमरसिंहाने ती पुण्याहून आणली होती. गडमुडशिंगीच्या रस्त्यावर ती कधी दुसऱ्या गिअरच्या पुढे गेली नव्हती. त्याचंही त्याला फारसं वाईट वाटत नसे. वाईट वाटे ते वडिलांचं.

बाबासो म्हशींतले दर्दी. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात बिनसायलेन्सरच्या मोटारसायकलीमागे म्हशी पळवतात, तिथे त्यांची म्हैस शिंगं रंगवून निघाली की माणसं हातातलं काम टाकून बघायला येत. बाबासोंनी एखाद्या म्हशीभोवती फेरी मारून "चांगली हाय" एवढं म्हटलं की घेणारा डोळे झाकून ती दावणीला बांधायचा. गाडी आली त्या दिवशी त्यांनी तिच्याभोवतीही अशीच एक फेरी मारली, वाकून आत बघितलं, "ह्यात बसायचं का निजायचं?" असं विचारलं आणि वैरण टाकायला निघून गेले. त्यानंतर गाडीचा विषय त्यांनी काढला नाही. अमरसिंह पस्तिशीचा बाप्या, एका पोरीचा बाप, पण त्या दोन शब्दांसाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून त्याने ट्रॅकवर जायचं ठरवलं. शहराबाहेर उसाच्या फडांत रेसिंगचा एक ट्रॅक होता. तिथे महिन्यातल्या एखाद्या रविवारी कुणीही आपली गाडी आणून मनसोक्त पळवावी अशी सोय होती. कॉलेजातला त्याचा दोस्त प्रसेनजीत तिथे गाडी पळवायला शिकवायचा.

"ये की," प्रसेनजीत म्हणाला. "पण आधी ब्रेकचं ऑइल बदलून घे आणि पॅड नवीन टाक. गगनबावड्याचा घाट उतरताना ब्रेकचा वास येतोय बघ, तसा घाट हितं दर वळणाला हाय."

"लेका, तीनशेच्या वर काटा हाय माझ्या गाडीचा."

"पळायचं कोण बोलतंय? मी थांबायचं सांगालोय."

अमरसिंहाने हसून सोडून दिलं. एवढी मोठी कंपनी, एवढी मोठी गाडी, आणि ती काय अर्ध्या तासात दम टाकणार? प्रसेनजीतने आणखी एक बजावलं होतं. गाडी जोरात पळवून झाली की शेवटची फेरी सावकाश, ब्रेक न लावता मारायची, म्हणजे वाऱ्याने ब्रेक थंड होतात. त्या आधी थांबायचं नाही. अमरसिंहाने त्यावरही मान डोलावली होती. लग्नात भटजींनी सांगितलेल्या गोष्टींवरही त्याने अशीच मान डोलावली होती.

हे सगळं त्याने फक्त बायकोला, अनुजाला सांगितलं होतं. अनुजाने फक्त चुलत दीर राजवीरला सांगितलं, आणि राजवीरने भावकीच्या ग्रुपवर टाकलं. रविवारी सकाळी दारात टेम्पो भरून माणसं उभी होती. राजवीरने आपला म्हशी वाहायचा ट्रकही काढला होता, कारण टेम्पोत हलगीवाले मावत नव्हते.

"अरं, ही शर्यत न्हाय," अमरसिंह म्हणाला. "कुणी जितत न्हाय तिथं."

"मग पळायचं कशाला, दादा?" राजवीरने विचारलं.

तेवढ्यात टेम्पोत पुढच्या सीटवर पांढरी टोपी घालून बसलेले बाबासो अमरसिंहाला दिसले, आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने आईला बाजूला घेतलं. तानाबाईंच्या हातात आधीच तांब्या होता.

"आई, मी पळवून आलो की चाकांवर पाणी घाल. भाकरतुकडा ओवाळून टाक. राजवीर व्हिडिओ काढंल."

"घालतो की," तानाबाई म्हणाल्या. "नवरदेवाच्या गाडीला घालत्यात तसं घालतो. चारी चाकांवर."

ट्रॅकवर पहिल्या चार-पाच फेऱ्या अशा झाल्या की अमरसिंहाला आपण आजवर गाडी नव्हे, हातगाडा चालवत होतो असं वाटलं. सरळ रस्त्यावर ती ओरडत सुटे, वळणाआधी पाय दाबला की जागच्या जागी बसे. कठड्यापलीकडे हलगी कडाडत होती. प्रत्येक फेरीला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरी टोपी शोधायचा. चौथ्या फेरीला टोपी उभी राहिलेली दिसली. बाबासो कठड्याला धरून बघत होते.

मग काय, गडी पेटला. ब्रेक आणखी उशिरा, आणखी जोरात. सातव्या की आठव्या फेरीला जळक्या रबरासारखा वास आला, तो त्याने उसाच्या फडावर ढकलला. पुढच्या वळणाला पाय दाबला तर पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं आणि गाडी वळायच्या ऐवजी गवतात शिरून बाहेर आली. तेवढ्यात आजऱ्याच्या एका काजूवाल्याची जुनी, पांढरी, चार दारांची गाडी त्याच्या शेजारून शांतपणे पुढे निघून गेली. काजूवाल्याने जाताना हातही दाखवला. हलगी क्षणभर अडखळली.

आता थांबणं भाग होतं. सावकाश फेरी मारायची म्हणजे भावकीसमोरून आणखी एकदा रांगत जायचं आणि काजूवाल्याकडून पुन्हा हात दाखवून घ्यायचा. अमरसिंहाने विचार केला आणि चुकीचा केला. तो तसाच आत वळला, गिअर पाडत, पेडल दाबून दाबून, आणि बरोबर बाबासोंच्या समोर गाडी उभी केली. चाकांमधून धूर निघत होता. भावकीला तो पराक्रमाचा वाटला.

प्रसेनजीत लांबून हात हलवत पळत येत होता. "थांबवू नगं, फिरवत ऱ्हा," असं काहीतरी ओरडत होता, पण हलगीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. तानाबाई पुढे झाल्या. त्यांनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पदर सावरला आणि पहिल्या चाकावर तांब्या रिकामा केला.

टण्ण असा आवाज झाला, देवळातली घंटा फुटावी तसा. वाफेचा लोट उठला आणि तानाबाई त्यात दिसेनाशा झाल्या. जाळीदार चाकाच्या आत, ब्रेकच्या तव्याएवढ्या लोखंडी डिस्कला मधोमध चीर गेली होती.

"आई, अक्कल हाय का तुला?" अमरसिंह दारातून बाहेर पडता पडता ओरडला. "कुणी सांगितलं हुतं पाणी वतायला?"

हलगी थांबली. कुणी सांगितलं होतं ते राजवीरला ठाऊक होतं, पण तो व्हिडिओ काढत होता. तानाबाई रिकामा तांब्या पोटाशी धरून उभ्या राहिल्या. नंतर हळूच म्हणाल्या, "लई लागलं काय रं तिला?"

अमरसिंहाचे कान तापले. आपण काय बोललो ते त्याला कळलं होतं, आणि सगळ्यांनी ते ऐकलं होतं. आता शब्द मागे घ्यायचे तर सगळ्यांदेखत घ्यायला हवे होते. तो खाली बसून चाक बघू लागला. चाकात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भावकीने निकाल देऊन टाकला. "म्हातारीनं फोडली की गाडी." "बायकामाणसांना कशाला आणायचं असल्या ठिकाणी?" तानाबाई मान हलवून हो हो म्हणत होत्या.

प्रसेनजीत चाकापाशी वाकला. मागचं, पाणी न पडलेलं चाकही त्याने बघितलं. "पाण्याचं काय घिऊन बसलाईस?" तो म्हणाला. "पॅड पार लोखंडापर्यंत गेल्यात. ऑइल उकळलंय. पाणी पडलं नसतं तरी ह्या ब्रेकवर तू घरला गेला नसतास. ती फेरी मारली असतीस तर डिस्क तरी..."

"जरा हळू बोल की," अमरसिंह पुटपुटला.

प्रसेनजीतने एकदा त्याच्याकडे, एकदा तानाबाईंकडे बघितलं आणि तो गप्प झाला. ते गप्प होणं अमरसिंहाला शिवीपेक्षा लागलं. तरी त्याने तोंड उघडलं नाही. बाबासो तिथेच, हाताच्या अंतरावर उभे होते. ब्रेक आपणच घालवले असं आता म्हटलं असतं तर ते दोन शब्द जन्मात ऐकायला मिळाले नसते. आई काय, आई आहेच, तिला घरी सांगू, असा त्याने हिशेब केला. असल्या हिशेबात आईच नेहमी घरी सांगायच्या वाटणीला येते.

त्यात धारा काढायची वेळ झाली. म्हशी कुणासाठी थांबत नाहीत, त्यामुळे भावकी टेम्पोत बसून चालती झाली. गाडी न्यायला पुण्याहून येणारं वाहन उद्याशिवाय मिळणार नव्हतं आणि ट्रॅक संध्याकाळी बंद होत होता. राहिला राजवीरचा ट्रक. शेजारच्या फडाचा बांध उंच होता, तिथे ट्रक मागे लावला की म्हशी जशा चढवतात तशी गाडीही चढणार होती.

"पर ढकलताना कुणीतरी आत बसून स्टेअरिंग धराय पायजे," राजवीर म्हणाला. "दादा, तू बस."

"मी ढकलतो," अमरसिंह म्हणाला. आत बसायची त्याला लाज वाटत होती.

"मग मी बसतो," बाबासो म्हणाले.

टोपी काढून ते आत शिरले. शिरले म्हणजे आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेले बाबासो. तानाबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांना ट्रकच्या केबिनमध्ये चढता येत नव्हतं, तेव्हा "हिला बी हितंच बसू दे, बुटकी हाय गाडी," असं बाबासोंनीच सुचवलं. राजवीर, प्रसेनजीत, हलगीवाले आणि अमरसिंह अशा सगळ्यांनी मिळून गाडी बांधावरून ट्रकमध्ये लोटली. चाकांना धोंडे लावले, दोर आवळले. हलगीवाले केबिनमध्ये बसले. मागे शेणाच्या वासात, गाडीच्या काचेशेजारी दोर धरून अमरसिंह उभा राहिला.

ट्रक शहराच्या बाजूने निघाला. रस्त्यावरचे लोक मान वर करून बघत होते. ट्रकमध्ये लाल गाडी, गाडीत म्हातारा-म्हातारी. कुणाची तरी वरात आहे असं वाटून एकाने नमस्कारही केला. अमरसिंह दोराकडे बघत राहिला. काचेतून त्याला आई दिसत होती, तांब्या मांडीवर घेऊन बसलेली, दुसऱ्याच्या घरी बसावं तशी कडेला अंग चोरून. लग्न होऊन आल्यापासून तिने या घरात कशाला धक्का लावला नव्हता, आणि आज तिने गाडी फोडली असं गावभर होणार होतं. आता मात्र त्याला राहवेना.

काच अर्धी उघडी होती. तो वाकला. "आबा, आई, ते पाण्याचं... ते तसं न्हाय. ब्रेक आधीच..."

बाबासोंना आतलं एक बटण सापडलं. धूळ येत होती म्हणून त्यांनी ते दाबलं. काच सरसर वर गेली.

अमरसिंहाने काचेवर टकटक केली. बाबासोंनी आतून हात दाखवला, काजूवाल्यासारखाच. त्याने आवाज चढवला. ट्रकच्या इंजिनाने तो गिळला. त्याने आणखी चढवला. तो पूर्ण ताकदीने ओरडायला आणि राजवीरने सिग्नलला ट्रक थांबवून इंजिन बंद करायला एकच गाठ पडली.

"ब्रेक मी घालवलं! आईचं काय चुकल्यालं न्हाय! पाणी घालायला मीच सांगितल्यालं, आणि मीच तिला बोललो!"

स्कूटरवरची एक बाई हेल्मेटची काच वर करून बघू लागली. शेजारच्या रिक्षातल्या माणसाने बाहेर डोकं काढलं. "आसं बोलू नये पावणं आईला," तो म्हणाला.

"व्हय," अमरसिंह म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

गाडीची काच दोन बोटं खाली आली. आतून बाबासोंचे डोळे तेवढे दिसले.

"वरडू नगं," ते म्हणाले. "तिला डोळा लागलाय."

अमरसिंहाने वाकून बघितलं. तानाबाई मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपल्या होत्या. सकाळपासून उभ्याच होत्या त्या. कडेला चोरलेलं अंग आता पुरतं सीटमध्ये रुतलं होतं. बाबासोंनी त्यांच्याकडे बघितलं, मग सीटवरून हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"चांगली हाय," ते म्हणाले.

सिग्नल सुटला. ट्रकने धक्का घेतला. काच वर जाता जाता थांबली.

"मी ऐकलंय तुझं," बाबासो म्हणाले. "तिनं ऐकल्यालं न्हाय. घरात गेलास की भावकीला बोलीव आणि परत सांग. आसंच, मोठ्यांदा."