निवेसची कमी खाणारी शेगडी

नणंद जेवायला येणार आणि नवरा घराबाहेर जाणार नाही, हे दोन्ही एकाच रविवारी जुळून आलं, तेव्हाच निवेसने ओळखलं, आता आपलं बिंग फुटणार.

तिचा नवरा दोरीनो रोज सकाळी बारमध्ये वाईनचा एक पेला घ्यायला जायचा. तेवढ्यात निवेस पेलेटच्या, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या कांड्यांवर चालणाऱ्या, शेगडीची जळणाची वाटी उपसायची, राख ओढून घ्यायची आणि ओल्या वर्तमानपत्राने काच लख्ख करायची. मग हात धुऊन अशी बसायची, की जणू शेगडीला बोटही लावलं नाही. कारण शेगडी घेताना तिनेच सांगितलं होतं, "अरे, फ्रिजसारखी असते ती. बटण दाबायचं नि विसरायचं."

आणखीही एक सांगितलं होतं. त्या कांड्यांचं एक पोतं दोन दिवस पुरतं. हे बेकरीतही सांगितलं, चर्चच्या पायरीवरही सांगितलं. आमच्या खोऱ्यात बायका वय खरं सांगतात, पण शेगडी किती खाते ते नाही. खरं तर पोतं एकाच दिवसात संपायचं. पण कबूल केलं, तर खोपीत टाकलेली लोखंडी चूल नाताळात पुन्हा स्वयंपाकघरात येणार, अशी दोरीनोची अट होती. म्हणजे पुन्हा सरपण, पुन्हा काजळी आणि पुन्हा दोरीनोचं "लाकडाची ऊब ती ऊब!"

कांड्या ज्यात येतात त्या रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा प्रश्न वेगळाच. प्लास्टिकचा कचरा पारदर्शक पिशवीत दाराबाहेर ठेवावा लागतो, आणि येता-जाता सगळी गल्ली तो वाचते. म्हणून निवेस घड्या घालून त्या खोपीतल्या जुन्या चुलीच्या भट्टीत कोंबायची. तिथे कोण बघतंय!

पण गुरुवारी दोरीनोला पडसं झालं. तेव्हापासून तो शेगडीला पाठ लावून बसला, आणि शेगडी साफ झालीच नाही.

रविवारी नणंद फ्लाव्हिया सफरचंदाचा टार्ट घेऊन आली. "वहिनी, उद्या मी पण अशी शेगडी मागवून टाकते. तुझ्याच शब्दावर हं! लाकडं शेजाऱ्याला देऊन टाकते सगळी."

"सगळी?" निवेसचा पळा पोलेंटात, मक्याच्या पिठाच्या घाट्यात, थांबला. "थोडी ठेवा की, वन्सं. शोभेला."

"शोभेला लाकडं? आणि साफसफाई काय असते गं हिची?"

"काही नाही," निवेस म्हणाली.

तेवढ्यात शेगडी खोकल्यासारखी झाली. वाटीत राखेचे खडे साचले होते. त्यांच्यावर कांड्या पडत राहिल्या, पेटल्या नाहीत, नुसत्या धुमसल्या. काच काळी झाली, शिट्टी वाजली आणि शेगडी बंद पडली. खोली धुराने भरली. खिडक्या उघडल्या, तर डोंगरावरचा बर्फाळ वारा सरळ पोलेंटावर येऊन बसला.

"फ्रिजसारखीच आहे खरी," फ्लाव्हिया कोट चढवत म्हणाली. "दादा, ती जुनी चूल आहे ना खोपीत? तीच पेटवू. तिथेच जेवू."

"नको!" निवेस ओरडली.

"नको!" दोरीनोही ओरडला.

निवेसने चमकून त्याच्याकडे पाहिलं. गेले दोन महिने याच क्षणाची वाट बघणारा माणूस हा!

"तिथे उंदीर आहेत," ती म्हणाली.

"मोठे आहेत," दोरीनोने लगेच दुजोरा दिला.

फ्लाव्हिया एव्हाना पोलेंटाचं पातेलं घेऊन अंगण ओलांडत होती. ही दोघं मागून धावली. कोण आधी चुलीसमोर उभं राहतं, याची दारातच रेटारेटी झाली. तोवर फ्लाव्हियाने भट्टीचं झाकण ओढलं. पांढऱ्या पिशव्यांचा ढीग तिच्या बुटांवर ओसंडला.

"वहिनी?"

निवेसने मान खाली घातली. "माझ्या आहेत. पोतं एकच दिवस टिकतं. मी थापाडी आहे, वन्सं. रोज सकाळी शेगडीपुढे पाद्र्यासारखी गुडघे टेकून राख पण उपसते. झालं समाधान?"

फ्लाव्हियाने जळणाचं दारही उघडलं. त्यातून हिरव्या पिशव्या निघाल्या. तेवढ्याच!

निवेसचं तोंड उघडंच राहिलं. हिरवं पोतं तिने कधी घेतलंच नव्हतं.

"दोरीनो! ह्या कुणाच्या?"

दोरीनोने नाक पुसलं. पडशामुळे की कशामुळे, ते लाल झालं होतं. "तू दुपारी बहिणीकडे जातेस ना... मी आच वाढवून पाचवर नेतो. पाठ शेकायला. मग तुला कळू नये म्हणून माझ्या पोत्यातून पुन्हा भरून ठेवतो."

"म्हणजे तुला आवडते ती?"

"आवडते असं नाही म्हणालो. पाठीला आवडते."

निवेस मनातल्या मनात हिशोब करत होती. म्हणजे पोतं जेमतेम अर्धा दिवस टिकत होतं! इतके दिवस आपण दुप्पट फुगवून सांगतोय असं तिला वाटत होतं. नकळत चौपट फुगवून झालं होतं.

फ्लाव्हियाने दोघांकडे पाहिलं, मग चुलीवरून प्रेमाने हात फिरवला. "माझं ठरलं. शेगडी नको मला. ही चूलच घेऊन जाते. तुम्हाला काय करायचीय आता?"

"नाही!" दोघं एकदम म्हणाली.

"का रे, दादा? स्वयंपाकघरात न्यायचीय?"

दोरीनोने बायकोकडे पाहिलं. बायकोने पिशव्यांकडे पाहिलं.

"तसं नाही," तो हळूच म्हणाला. "पण मग ह्या ठेवायच्या कुठे?"