फोक-रॉक आणि विमलमावशींची शंका

आमच्या शेजारच्या विमलमावशी इंग्लिश फोक-रॉकवरचे विद्वत्तापूर्ण ग्रंथ वाचतात. ऐकत नाहीत हं, वाचतात! मी एकदा हौसेनं त्यातलं एक गाणं लावलं, तर म्हणाल्या, "बंद कर गं मेधा ते, वाचताना त्रास होतो."

नॉटिंगहॅममध्ये जन्मभर नर्सिंग केलेली, पंच्याहत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. दर वाढदिवसाला स्वतःला असा एखादा ठोकळा भेट देते. कव्हरवर 'राष्ट्रीय अस्मिता', 'परंपरेची पुनर्मांडणी' असलं काहीतरी. मावशी डाळ शिजेपर्यंत चार पानं वाचतात आणि समासात पेन्सिलीनं शेरा मारतात: "पोटाचं काय?" सगळ्या पुस्तकांत हाच शेरा.

"मावशी, फोक-रॉक म्हणजे नक्की काय हो?" मी विचारलं होतं.

"काही नाही गं. ह्या इंग्रजांच्या पणज्यांची गाणी. कोणीतरी बहिणीला नदीत ढकलतं, मग ती भूत होऊन येते. तीच ह्या पोरांनी गिटारला वायर लावून म्हटली. आता ही पोरं महिनोन्महिने खेड्यातल्या थंडगार घरात राहून तालमी करायची. गिटार कुठली, वायर कुठली, सगळं लिहितात हे ग्रंथवाले मेले! पण स्वयंपाक कोण करत होतं? एक अक्षर नाही!"

मला आधी वाटलं, म्हातारपणाचं खूळ. मग एक दिवस ग्रॅहमबद्दल कळलं.

लग्न होऊन मावशी इथं आल्या तेव्हा घराचा हप्ता भागावा म्हणून काकांनी वरची खोली ह्या ग्रॅहमला भाड्यानं दिली. तो एका फोक-रॉक बँडमध्ये फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायचा. "हाडांचा सापळा नुसता! टोस्टवर बीन्स ओतले की झालं जेवण. मग मीच रोज ताट वाढून हाक मारायला लागले. वरणभात असा ओरपायचा, की बघत राहावं." मावशींना मूलबाळ झालं नाही. पुढे बँड लंडनला गेला, ग्रॅहमही गेला. एक-दोन पत्रं आली, मग तीही थांबली. मावशींना त्याचा राग नाही. त्यांना एवढंच कळायला हवं होतं, की पुढे त्याला कोणी जेवायला घातलं की नाही. मी इंटरनेटवर शोधून पाहिलं, तर तिथेही फिडल सोडून दुसरं काही नाही. म्हणून हे ग्रंथ.

मागच्या महिन्यात युनिव्हर्सिटीत डॉ. अ‍ॅलिसन नावाच्या बाईंचं व्याख्यान होतं. त्यांनी ग्रॅहमच्याच बँडवर नवं पुस्तक लिहिलं होतं. मावशी ठेवणीतली साडी, वर पफर जॅकेट आणि पायांत ट्रेनर्स अशा निघाल्या. मी ट्रॅममध्ये बजावलं, "तिथे ते पोटाचं काढू नका हं, प्लीज."

"तू गप्प बस," म्हणाल्या.

अ‍ॅलिसननं सुरुवातीलाच सांगितलं, की हे पुस्तक ग्रॅहमला दाखवायचं राहून गेलं. तो गेल्या हिवाळ्यात वारला.

मावशी सरळ समोर बघत होत्या. मला इतकं वाईट वाटलं! म्हटलं, "मावशी, घरी जाऊ या का?" त्या हलल्या नाहीत. तासभर सुरावटी आणि वर्गसंघर्ष चालला. आता विचारून काय उपयोग, असं मी मनाशी म्हणतेय तोवर प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मावशींचा हात वर गेला.

"ग्रॅहमला जेवायला कोण घालायचं?"

पुढच्या रांगेत हशा पिकला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. अ‍ॅलिसन मात्र हसली नाही.

"शेवटी शेवटी, मी," ती म्हणाली. "मुलाखतीला गेले तर त्याच्या फ्रिजमध्ये नुसतं दूध. मग दर गुरुवारी सूप घेऊन जायला लागले. पुस्तकात नाही घातलं ते. ते काही संशोधन नव्हतं." मग म्हणाली, "सूपमध्ये तो डबीतली कसलीशी पिवळी पूड चिमूटभर टाकायचा. वास इतका उग्र, की मला वाटलं औषधच असणार. त्याशिवाय चव येत नाही म्हणायचा."

"हिंग," मावशी म्हणाल्या, आणि ढसाढसा रडायला लागल्या. माझेही डोळे भरून आले.

हॉल रिकामा झाल्यावर अ‍ॅलिसन आमच्या शेजारी येऊन बसली. "तुम्ही त्याच्या कोण?" तिनं हळूच विचारलं.

"मी खालच्या मजल्यावर वरण करायची," मावशी म्हणाल्या. मग डोळे पुसून त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "आता गुरुवारी काय करतेस तू?"

अ‍ॅलिसननं 'काही नाही' अशी मान हलवली.

"मग माझ्याकडे यायचं," मावशी तिचा हात धरून म्हणाल्या. "आणि येताना सूप आणायचं नाही."