टेकडीचे आठ टप्पे

टेकडी एका दमात खाल्ली तर तिला लूट म्हणतात. टप्प्याटप्प्याने खाल्ली तर नियोजन म्हणतात. हा फरक ज्याला उमगला त्याला पगार मिळतो आणि बसायला फिरती खुर्ची मिळते.

भूमी परवाना कार्यालयातले नियोजक अशाच खुर्चीवर बसत. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खडीने भरलेल्या टेकडीचा आराखडा त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी तिचे आठ टप्पे पाडले आणि नकाशावर प्रत्येकाला वेगळा रंग दिला (रंगीत पेन्सिली स्वखर्चाने). नियम असा की, एक टप्पा खोदून संपला, त्याचा खड्डा बुजवून वर झाडे लावली, की मगच पुढच्यातली खडी काढायची. खड्डा बुजवायला माती कुठून आणायची, तर पुढच्या टप्प्यातून. अशा रीतीने शेवटी एकच खड्डा उरणार होता. त्यात पाणी साठणार, म्हणून आराखड्यात त्याला 'जलाशय' म्हटले होते आणि काठावर एक बाक प्रस्तावित केला होता.

आठव्या टप्प्यात मात्र एक घर होते, आणि ते नियोजकांच्या मावशीचे होते.

आई गेल्यावर मावशीनेच त्यांना लहानाचे मोठे केले होते, त्याच घरात. त्या घरावर त्यांचा फार जीव होता. म्हणूनच अधिकारात बसेल तेवढे त्यांनी केले: घर शेवटच्या टप्प्यात टाकले. कार्यालयाचा आजवरचा अनुभव असा, की निम्मे आराखडे दुसऱ्या टप्प्यात अडकतात (उरलेले पहिल्यात). आठवा टप्पा पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

एका रविवारी त्यांनी मावशीच्या पलंगावर नकाशा पसरला. तिने चष्मा लावून आपले घर शोधून काढले.

"माझ्या घरावर हे जांभळं काय फासलंयस?"

"जांभळा म्हणजे शेवटचा टप्पा, मावशी. तिथवर यायला तीस वर्षं लागतील. तू निर्धास्त राहा."

"आणि तीस वर्षांनी मी कुठं असेन, ते आहे का तुझ्या नकाशात?"

ते नव्हते. ती बाब दुसऱ्या खात्याकडे येत होती.

आराखडा लोकांपुढे ठेवला गेला. पहिल्या टप्प्यात नुसती झुडपे होती आणि झुडपांना हरकत घेता येत नाही. चौथ्या-पाचव्या टप्प्यांतल्या जमीनमालकांनी आपापला रंग पाहिला, आपला नंबर लांब आहे अशी खात्री करून घेतली आणि ते जेवायला गेले. एकही हरकत न आल्याने जनतेचा उत्स्फूर्त पाठिंबा असल्याची नोंद झाली आणि परवाना निघाला.

मग कंत्राटदार यंत्रे घेऊन आला आणि एक गोष्ट ध्यानात आली. पहिला टप्पा टेकडीच्या मागे होता. रस्ता पुढे होता. आणि माणसे जुन्या खोडीप्रमाणे घरे रस्त्यालगत बांधत असल्याने मावशीचे घर, आणि पर्यायाने आठवा टप्पा, रस्त्याला लागूनच होता. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला कडा. नकाशावर पेन्सिल उचलून हवी तिथे टेकवता येते. डंपरचे तसे नसते.

कंत्राटदार रीतभात जाणणारा होता. आठवा टप्पा आपल्याला खोदायचाच नाही, फक्त त्यातून रस्ता काढायचा आहे, असे त्याने कार्यालयाला नम्रपणे कळवले. नियम चाळले गेले. रस्ता हे खोदकाम नसून पूर्वतयारी ठरली, आणि पूर्वतयारीला टप्पा नसतो. दोन डंपर शेजारून जातील एवढी रुंदी, तिसरा बंद पडला तर त्याला जागा, वळणासाठी थोडी आणि सुरक्षिततेसाठी बरीच, असे धरत रस्त्याची रुंदी नेमकी आठव्या टप्प्याएवढी भरली. निघालेली खडी वाटेत पडून राहू नये म्हणून ती विकायची मुभाही मिळाली.

मावशी हरकत घ्यायला कार्यालयात आली. ती ऐकायचे काम नियोजकांचेच होते. पण आठव्या टप्प्यावरची हरकत सातवा संपल्यावरच ऐकायची, हा नियम होता. लोकांना आधीपासून त्रास नको म्हणून तो नियोजकांनीच सुचवला होता. ते धावत वरिष्ठांकडे गेले, क्रम बदलू द्या म्हणून हाता-पाया पडले. वरिष्ठ म्हणाले, अवश्य बदला. घर पहिल्या टप्प्यात घेतले की हरकत आजच ऐकता येईल आणि घर उद्याच पाडता येईल.

नियोजक खुर्चीत परत येऊन बसले. त्यांनी मावशीला तीस वर्षांनंतरची तारीख दिली, वयाचा विचार करून दुपारची वेळ दिली, आणि येताना हयातीचा दाखला आणायला सांगितले.

"तू मला शेवटी ठेवलंस ते माझ्या भल्यासाठीच," मावशी म्हणाली. "मला ठाऊक आहे रे."

ती ओरडली असती तर बरे झाले असते. नियोजकांनी नकाशा तोंडापुढे धरला आणि ते रडले.

आता मावशी त्यांच्याकडेच, मागच्या खोलीत राहते. टेकडीचा पुढचा भाग गेला आहे, मात्र पहिला टप्पा सुरू न झाल्याने खोदकामाला अद्याप प्रारंभ झालेला नाही. आराखडा आदर्श ठरला असून तो आता सगळीकडे लागू होणार आहे.

हे वाचून कुणाला आपल्या घराची धास्ती वाटली असेल, तर ती अनाठायी आहे. कार्यालयात मुद्दाम चौकशी केली. तुमचे घर शेवटच्या टप्प्यात आहे.