नियंत्रित प्रतीक्षा

लाइनमन बावीस वर्षं विजेच्या खांबांवर चढला, त्याला कधी साधं खरचटलंसुद्धा नाही. घोटा मुरगळला तो घरात, बल्ब बदलताना, दीड फुटी स्टुलावरून. "तरी मी म्हणत होते, ते स्टूल डुगडुगतंय," बायको म्हणाली. "पण माझं ऐकायचं नाही, हे तुमचं ठरलेलं!" तासाभरात घोटा टम्म फुगला.

ऑफिसचा नियम सरळ होता. पाऊल व घोटा संशोधन केंद्राचा तंदुरुस्तीचा दाखला तीन महिन्यांत आणायचा, तोवर तक्रारीच्या फोनवर बसायचं. दाखला आला नाही, तर तिथेच कायम. खांब म्हणजे लाइनमनचा जीव की प्राण. वर चढलं की वारा लागायचा आणि खालची कटकट ऐकू यायची नाही. फोनवर तर ती सगळी थेट कानात येणार होती.

लंगडत लंगडत तो केंद्रावर पोचला. नोंदणीबाईंनी मान वर न करता सांगितलं, "सहा आठवड्यांनी या."

"बाई, सूज आजची आहे."

"म्हणूनच." बाईंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पेन रोखलं. केंद्राच्या ताज्या संशोधनानुसार मुरगळलेल्या दहा घोट्यांपैकी आठ सहा आठवड्यांत आपोआप बरे होत. म्हणजे गुण उपचारांचा नव्हताच, मधल्या वेळेचा होता. सबब केंद्राने उपचार काढून टाकले आणि मधला वेळ तेवढा ठेवला. त्याचं नाव 'नियंत्रित प्रतीक्षा'. ती सुरू झाल्यापासून डॉक्टरांचा हात एकाही घोट्याला लागला नव्हता.

"आणि मी उरलेल्या दोघांतला असलो तर?"

"ते सहा आठवड्यांनी कळेलच की!"

सहा आठवड्यांनी घोट्याचं पार वांगं झालं. या खेपेला बायको सोबत आली. बाईंनी फाइल उघडली. "वाट पाहताना चिडचिड केलीत?"

"थोडीशी."

"थोडीशी?" बायको उसळली. "अहो, घर डोक्यावर घेतलं होतं यांनी!"

"मग डोस अंगी लागणार कसा?" बाई हळहळल्या. त्यांनी देखरेखीखालची प्रतीक्षा लिहून दिली. आठवड्यातून तीन सकाळी, तिसऱ्या मजल्यावर, बाकावर बसून. लिफ्ट होती, पण मुद्दाम बंद ठेवलेली. घोट्याला लवकर हालचाल हवी, असंही संशोधन सांगत होतं.

वर दोन गट होते, लाकडी बाकांचा आणि गादीच्या बाकांचा. कोणत्या बाकावर वाट जास्त लागू पडते, याचा अभ्यास चालला होता. लाइनमनच्या नशिबी लाकूड आलं. पूर्वी तिसराही एक गट होता म्हणे, डॉक्टरांना थेट भेटणाऱ्यांचा.

"मला त्यात घाला बाई, हात जोडतो!"

"बंद केला तो. त्या बिचाऱ्यांना वाटच पाहायला मिळत नव्हती. नीतिसमितीला ते अमानुष वाटलं."

एकदा खुद्द घोटातज्ज्ञ बाहेर आले. छताकडे बघत, भिंत चाचपत ते चालले होते. लाइनमनने झटकन पँट वर केली. "डॉक्टर, नुसतं एकदा बघा हो!"

"खाली करा, खाली करा!" डॉक्टरांनी डोळ्यांवर हात दाबले. "पेशंटचा पाय दिसला, तर माझा तटस्थपणा गेला. चार वर्षं जपलाय मी तो!" आणि ते तसेच धडपडत चहाला गेले. लाइनमन अगदी रडकुंडीला आला.

बाकी दिवस तो तक्रारीच्या फोनवर काढत होता. आधी लोकांना "वाट पाहा" म्हणताना त्याची जीभ अडखळायची. पुढे पुढे झोपेतसुद्धा तेच बोलू लागला, बायकोने गदागदा हलवलं तरी थांबेना.

तिसरा महिना संपत आला. न बरे झालेल्या दोघांसाठी केंद्राकडे एक एक्स-रे मशीन होतं, आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला, लाइनमनचा नंबर लागला. त्या दिवशी सकाळपासून तो घड्याळाकडे बघत फोन घेत होता. बाराला फोन वाजला.

"संशोधन केंद्रातून बोलतेय. आमची वीज गेलीय. चारला एका पेशंटचा एक्स-रे आहे."

नोंदणीबाईंचा आवाज त्याने ओळखला. पेशंट कोण, ते तर त्याला ठाऊकच होतं.

"कुठल्या खांबावरची लाइन?"

"मागच्या गल्लीतल्या, वाकड्या."

लाइनमनने कपाळावर हात मारला. वाकड्या खांबावर त्याच्याखेरीज कुणी चढतच नसे. "त्या खांबाचा माणूस आजारी आहे, बाई."

"कधी बरा होईल?"

"एक्स-रे झाला की."

"मग आम्ही करायचं तरी काय?"

खच्चून ओरडावं, चार शिव्या हासडाव्यात, असं त्याला फार वाटलं. पण तोंडातून सवयीचं तेच बाहेर आलं. "वाट पाहा. दहापैकी आठ वेळा वीज आपोआप येते."

"कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं. त्याने आपला केस नंबर सांगितला. बाई गहिवरल्या. "अहो, तुम्ही तर ठणठणीत बरे झालात!"

संध्याकाळी दाखला घरपोच आला. 'रुग्णाची प्रतीक्षा आता सुरळीत चालते. कामास योग्य.'

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर साहेबांनी त्याला वाकड्या खांबाखाली उभं केलं. केंद्रात अजून अंधारच होता. सुजलेल्या घोट्यावर बूट चढत नव्हता, म्हणून तो काखेत धरून लाइनमन एका पायावर उभा होता. इतक्या दिवसांनी खांब भेटला, म्हणून त्याला आनंद झाला होता आणि चढायच्या विचाराने घामही फुटला होता. साहेबांनी खाली वाकून पाहिलं.

"अरे, दुखतोय की काय अजून? कुठला पाय तुझा?"

तीन महिन्यांत हे कुणी पहिल्यांदाच विचारलं. फायलीत त्याला रकानाच नव्हता. लाइनमनला भरून आलं.

तुम्हाला तरी माहीत आहे का हो, डावा की उजवा? इथवर वाचत आलात, एकदा तरी विचारावंसं वाटलं? नाही ना? मग बसा. सहा आठवड्यांनी सांगतो.