पासवर्डाचा कानमंत्र आणि दरबारी आलेली बकरी, यांची हकीकत

विघ्नहर्ता जो सर्व दारांवर बसतो आणि कोणास अडवीत नाही, त्यास आधी दंडवत. शके १९४४ शुभकृतनाम संवत्सरी, माघमासी, एके राज्यी लग्नाची गडबड जाहली. राणीसाहेबांची कन्या शेजारील राज्यी द्यावी ऐसे ठरले आणि वरपक्षाने सांगोन पाठविले की, तुमच्या राज्याचे संकेतस्थळ दरबारी पाहू आणि मग सुपारी फोडू. पूर्वी घराणे पाहत, आता वेबसाइट पाहतात, काळच तैसा. ते संकेतस्थळ रंगोपंत पारसनीस यांचे हवाली होते. गृहस्थ बहुत निष्ठावंत, परंतु नाकाने कांदे सोलणारे. त्या काळी होस्टिंगवाले व्यापारी संकेतस्थळांस जागा भाड्याने देत राज्योराज्यी फिरत, आणि ज्या दाराने संकेतस्थळाचा सारा कारभार चाले ते जे कंट्रोल पॅनल, त्याचा पहिला पासवर्ड कारभाऱ्याचे कानात सांगत आणि बजावीत की, हा आरंभापुरता, आजच बदलावा. परंतु त्या मुलुखी रीत ऐशी की, कानात सांगितला तो गुरुमंत्र. तो बदलू नये आणि दुसऱ्यास सांगू नये. मग पंतांनी नारळ वाढविला, व्यापाऱ्यास पानसुपारी दिली, आणि मंत्र ऐसा पोटात ठेविला की खुद्द बायकोने रुसून पाहिले तरी सांगितला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणोन सारेच कारभारी आपापली मूठ आवळून फिरत.

मग सुपारीचे दिवशी दरबार भरला, विहीणबाई चिमाबाईसाहेब लवाजम्यानिशी आल्या, आणि मोठ्या पडद्यावर संकेतस्थळ उघडविले. तो राजवाड्याचे चित्र नाही, कुलदैवत नाही; एक बकरी पाला चघळीत उभी, आणि खाली लिहिले की, या राज्यी शहाणी ती ही एकच. दरबार हसू दाबता दाबता लाल जाहला, राणीसाहेबांचे मुख उतरले, आणि आता सोयरीक मोडते म्हणोन कन्येचे डोळे भरले. मग रंगोपंतांस हुकूम जाहला की, दार कोणी उघडले ते दरबार उठावयाचे आत सांगावे, नाही तर दौत-लेखणी खाली ठेवावी. दौत वाडवडिलांपासोन घराण्यात चालत आलेली. पंतांनी शपथ वाहिली की, मंत्र माझे ओठांबाहेर गेला नाही. ते खरेही होते, आणि तेथेच सारे घोडे पेंड खात होते.

तेव्हा चिमाबाईसाहेब विडा जुळवीत बोलिल्या, "पंत, आमचे दारासही त्याच व्यापाऱ्याचा मंत्र आहे, तो मीच जपते. तुम्ही तुमचा म्हणा, मी माझा म्हणते. एकदमच म्हणू, म्हणजे आधी कोणी फोडला हा बोल कोणावर नको."

पंतांनी घाम पुसला आणि राणीसाहेबांकडे पाहिले. त्यांनी मान डोलविली. मग उभयता एका सुरात बोलिले, "अ‍ॅडमिन, एक दोन तीन."

मग मागून जामदार हळूच म्हणाले की आमचाही तोच, आणि मग कोठीवाले, आणि राजवैद्य, आणि वरपक्षाचे भटजीदेखील. साऱ्यांनी मुठी उघडल्या, तो प्रत्येकीत एकच फुटाणा. मग नवऱ्या मुलाचे मामा संताजीराव, मोठे चेष्टेखोर, खाली पाहत उठले आणि कबूल जाहले, "ताईसाहेब, कुलूप म्यां मोडले नाही. माझे दुकानाचा मंत्र यांचे दारास सहज लावून पाहिला, तो दार उघडले. मग बकरी बांधली."

आता लाज विहीणबाईंस आली आणि त्या विडा खावयाचे विसरल्या. राणीसाहेब मात्र खदखदोन हसल्या आणि बोलिल्या, "विहीणबाई, दोन्ही घरांची अक्कल एका मापाची निघाली. यापरते स्थळ आम्हांस कोठे मिळणार?"

मग दरबार पोट धरोन हसला आणि सुपारी फुटली. पंतांनी दौत उराशी धरली आणि भर दरबारी रडले, त्यांस कोणी हसले नाही. त्याच बैठकीत साऱ्यांनी आपापले पासवर्ड बदलिले, एकमेकांकडे पाठी करोन. संताजीरावांस लग्नाचे पंक्तीत सर्वांमागून जेवू घालावे, इतकीच शिक्षा जाहली, आणि ती त्यांस बहुत जड गेली.

तात्पर्य, देणाऱ्याने दिला तो पासवर्ड साऱ्या मुलुखाचा. आपला तो, जो आपण केला. येणेप्रमाणे राज्य राहिले, सोयरीक राहिली, बकरी तेवढी गेली.